लहानपणापासून ओळखणारा माणूस

दिल्लीहून परत आल्यापासून सकाळी फिरायला जाणारी आमची मिरजेची मंडळी एकच विचारतात, काय काय पाहिलंत? खरं सांगायचं तर लाल किल्ला पाहिला नाही. कुतुबमिनार बसच्या खिडकीतून पाहिला, तोही धुक्यामुळे कमरेपर्यंतच. मी गेलो होतो माझ्या धाकट्या बहिणीकडे, नलूकडे. तिच्या डॉक्टरांनी मला बोलावलं होतं.

हे लिहायला नलूने होकार दिला आहे. अटी दोन. तिला बिचारी करायचं नाही आणि मी स्वतःला फार वाईट ठरवायचं नाही, कारण तिच्याच शब्दांत, ‘तुला त्याचीही हौस असते.’ दोन्ही पाळायचा प्रयत्न करतो.

जानेवारीत तिच्या मुलीचा, मेघनाचा फोन आला. नलू काही महिन्यांपासून दिल्लीच्या एका रुग्णालयात दर गुरुवारी जात होती. तिथली काही डॉक्टर मंडळी स्वभावाच्या विकारांचा अभ्यास करतात आणि उपचारही करतात. त्यांना पेशंटला लहानपणापासून ओळखणारा एक माणूस लागतो. ‘आजोबा नाहीत, आत्याआजी नाही,’ मेघना म्हणाली. ‘आता तूच आहेस, मामा.’ याआधी नलूने तीन डॉक्टर सोडले होते. गेल्या पावसाळ्यात तिने गोळ्या घेतल्या होत्या, वेळेवर कळलं म्हणून निभावलं. हे मला तेव्हा पहिल्यांदाच समजलं. ‘या वेळी ती टिकली पाहिजे,’ मेघना म्हणाली.

नलूचं आणि माझं दहाएक वर्षं बोलणं नव्हतं. मी गोवा एक्सप्रेसचं तिकीट काढलं.

गुडगाव

सव्वीस जानेवारी नुकतीच होऊन गेली होती. गाडी धुक्यामुळे इतकी उशिरा पोचली की स्टेशनवर आलेले माझे मेहुणे वसंतराव बाकावर बसल्या बसल्या झोपले होते. मीच त्यांना उठवलं. ते केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर आर. के. पुरमच्या सरकारी घरात राहिले आणि नंतर गुडगावला सोसायटीत फ्लॅट घेतला. स्वभावाने सायीसारखे मऊ. वाटेत टॅक्सीवाल्याशी हिंदी, माझ्याशी मराठी आणि स्वतःशी इंग्रजी बोलत होते.

गुडगावला गाव म्हणायचं की शहर, हे तिथल्या लोकांचंही अजून ठरलेलं दिसलं नाही. काचेची एक भलीमोठी इमारत, तिच्या शेजारी फुललेली मोहरी, मग बांधावर म्हशी, मग पुन्हा काच. मेघना अशाच एका काचेत नोकरीला आहे. बारा मजली घरं उभी आहेत, पण खाली पायी चालायला रस्ता नाही. वीज गेली की आमच्याकडे लोक पायरीवर येऊन बसतात आणि शेजाऱ्याशी चार गोष्टी होतात. तिथे वीज गेली की सगळे जनरेटर एकदम घुमू लागतात आणि लोक आतच बसून थोडं मोठ्याने बोलतात.

नलूने दार उघडलं. साठी उलटलेली, केस पांढरे, डोळे मात्र तसेच. ती ‘दादा’ म्हणाली आणि मला हाताला धरून सगळं घर दाखवत सुटली. माझ्यासाठी नवी रजई भरून घेतली होती, गरम मोजे आणले होते. जेवायला मुळ्याचे पराठे, मटारची उसळ, गाजराचा हलवा आणि आपली आमटी. आमटीत गूळ नव्हता. दिल्लीच्या जावांनी नावं ठेवली म्हणून सोडला, असं ती म्हणाली आणि लगेच उठून माझ्या वाटीत खडा टाकून गेली. जुन्या गोष्टीचा एक शब्द तिने काढला नाही. मीही नाही. मला वाटलं, लोक उगाच घाबरवतात. ही तर साखर आहे.

आर. के. पुरम

दुसऱ्या दिवशी मी आर. के. पुरमला गेलो. माझा पाटबंधारे खात्यातला जुना सहकारी इनामदार, त्याचा मुलगा बशीर तिथे सरकारी घरात राहतो. त्याच्यासाठी घरून भडंग आणि बेदाणे पाठवले होते. दुपारपर्यंत येतो, असं नलूला सांगून निघालो.

ती वसाहत मला फार आवडली. एकसारखी दुमजली घरं, मध्ये हिरवळ, हिरवळीवर खाटा टाकून उन्हात बसलेल्या बायका. एक तमिळ, एक बंगाली, एक आपली, आणि सगळ्यांच्या पुढ्यात मटाराचे ढीग. आपण मटार पावशेर घेतो. तिथे हंगामात पोत्याने घेतात आणि सोलून वर्षभरासाठी फ्रीजमध्ये ठेवतात. बशीरच्या बायकोने जेवल्याशिवाय सोडलं नाही. भडंगाचा डबा मुलांनी जेवणाआधीच निम्मा केला. निघायला चार वाजले. चुकीच्या बसमध्ये चढलो आणि भलतीकडेच पोचलो. त्या फेऱ्यातच तो अर्धा कुतुबमिनार दिसला. घरी पोचेतो अंधार पडला होता.

नलू दारातच उभी होती. मला वाटलं, काळजीने. ती म्हणाली, ‘आलास कशाला? तिकडेच राहायचं होतंस.’ मी बस चुकल्याचं सांगू लागलो, तर आवाज चढत गेला. सगळे तिच्याकडे तोंडदेखलं येतात, मीही डॉक्टरांचं काम म्हणून आलो आहे, काम झालं की पुन्हा दहा वर्षं तोंड दाखवणार नाही. माझ्या वाटचा हलवा वाटीसकट मोरीत गेला. शेवटी ती म्हणाली, ‘वहिनी सुटली एकदाची तुझ्यापासून.’

माझी पत्नी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी काही बोललो नाही. बूट काढले, खुर्चीत बसलो आणि पेपर उघडला. राग आला होता असंही नाही. आतून दार लागल्यासारखं झालं. मला ते जन्मभर असंच होतं.

पुढचा सगळा दिवस मी तसाच काढला. नलू भांडी आपटत फिरली, मग रडली, मग माझ्यासमोर चहा ठेवून गेली. मी तो प्यायलो आणि कप उचलून ठेवला. वसंतराव मध्ये येऊन हवामानावर बोलून जात. संध्याकाळी मेघना मला गच्चीत घेऊन गेली. ‘मामा,’ ती म्हणाली, ‘आई ओरडते तेव्हा मला भीती वाटत नाही, आदत हो गई. आज पहिल्यांदा या घरात भीती वाटली.’ तिला आईची नाही, माझी भीती वाटली होती, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

रुग्णालयात

डॉक्टर रूथ गायकवाड पस्तिशीच्या असतील. त्यांचे आजोबा नगरहून रेल्वेच्या नोकरीसाठी दिल्लीला आले. घर ख्रिस्ती, शाळा पहाडगंजची मराठी. ‘पण आता रोज मराठी बोलायला कोणी नाही, काका,’ त्या म्हणाल्या. ‘शब्द अडला तर सांभाळून घ्या.’ छोटी खोली, कोपऱ्यात हीटर, टेबलावर बशीत रेवड्या. मी घाबरून गेलो होतो ते पाच मिनिटांत विसरलो.

त्यांनी मला समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. प्रत्येकाची विचार करायची, चिडायची, माया करायची एक पडलेली वाट असते, त्यालाच आपण स्वभाव म्हणतो. काहींची वाट अशी पडते की तिच्यावर चालताना त्यांनाही लागतं आणि सोबतच्यांनाही, आणि दुसरी वाट त्यांना दिसत नाही. हे तापासारखं येत-जात नाही, तरुणपणापासून चालत आलेलं असतं. म्हणून जुना माणूस लागतो. नलूच्या विकारात सोडून दिलं जाण्याची भीती फार मोठी असते. कुणाला उशीर झाला तरी ती जागी होते आणि रागाचे कपडे घालून बाहेर येते. पूर्वी डॉक्टरही म्हणत की अशी माणसं बदलत नाहीत. पण वर्षानुवर्षं त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटून पाहिलं तेव्हा बरीचशी सावरलेली दिसू लागली. ‘पण त्यासाठी कोणीतरी टिकावं लागतं,’ त्या म्हणाल्या. ‘पेशंटनेही, आम्हीही.’

मग प्रश्न सुरू झाले. मैत्रिणी होत्या का, किती टिकायच्या? राग प्रसंगापेक्षा मोठा असायचा का? राग गेल्यावर कशी असायची? धरणाच्या पाहणीवर उत्तरं द्यावीत तशी मी नेमकी उत्तरं देत होतो. मग त्यांनी विचारलं, ती अशी चिडली की घरातले काय करायचे?

‘काही नाही,’ मी म्हणालो. थोड्या अभिमानानेच म्हणालो. आमच्या आळीत घरोघर मुलांना मार बसे. आमच्या घरात कोणी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही.

‘काही नाही म्हणजे?’

‘आम्ही अबोला धरायचो.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘शब्द माहीत आहे. पण आमच्या घरी तो नव्हता, काका. आमच्याकडे सगळे ओरडायचे आणि मग जेवायला बसायचे. कसा असतो? सुरुवातीपासून सांगा ना.’

मी सांगू लागलो. आई गेली तेव्हा नलू सहा वर्षांची होती, मी पंधरा. वडील मुळातच अबोल. नलू चिडली, ताट ढकललं, रडून आकांत केला, की आम्ही सगळे तिच्याशी बोलणं बंद करायचो. आत्या तिचं ताट वाढायची, पण तिला हाक मारायची नाही. ‘वाढलंय म्हणावं,’ असं भिंतीला सांगायची. तिच्याकडे बघायचं नाही. तिने विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. कधी एक दिवस, कधी आठवडा. तिने न रडता माफी मागितली की संपायचा. रडली तर आणखी एक दिवस. केव्हा संपवायचा हे मी ठरवायचो, कारण वडिलांनी ते माझ्यावर सोडलं होतं.

हे सगळं मी एखादा नियम समजावून सांगावा तसं सांगत होतो. आजवर ते कोणाला सांगावं लागलंच नव्हतं. आमच्यात सगळ्यांना ते ठाऊकच असतं.

‘आणि ती काय करायची?’

ती माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून मोठ्याने पाढे म्हणायची. मी टेबलाशी अभ्यास करत असे. पाढे तिला तोंडपाठ होते. पण ती म्हणायची, बारा साते शहाऐंशी. थांबायची. पुन्हा म्हणायची, बारा साते शहाऐंशी. मी चूक सुधारीन, निदान ‘चौऱ्याऐंशी’ एवढं तरी बोलेन, म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, ‘ती मुद्दाम चुकते, हे तुम्हाला कळायचं?’

‘पहिल्याच वेळी कळलं होतं.’

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. आयुष्यभर कालव्यांवर काम केलेला माणूस मी. दरवाजा बंद केल्याने पाणी नाहीसं होत नाही, मागे चढत जातं, हे मी कितीतरी नव्या ओव्हरसियरना शिकवलं होतं.

‘म्हणजे आम्हीच तिला असं केलं?’ मी विचारलं.

‘इतकं सोपं असतं तर आमचं काम केव्हाच संपलं असतं,’ त्या म्हणाल्या. काही मुलं जन्मतःच हळवी असतात, त्यात आई जाणं, त्यात घराची रीत. कशाचा वाटा किती, हे अजून शोधतोच आहोत, आणि त्याच घरात वाढलेलं दुसरं मूल अगदी वेगळं होतं. ‘तुम्हीही तिथेच वाढलात ना? तुमच्याशी कोणी बोलायचं?’

मी बशीतली एक रेवडी उचलली आणि परत ठेवली.

‘मला आरोपी नकोय, काका. मला आठ वर्षांच्या नलूताई हव्या होत्या. त्या दाखवणारं दुसरं कोणी उरलं नाही.’

मग मी उरलेलंही सांगून टाकलं, आणि माझे जे नातेवाईक हे वाचतील त्यांच्यासाठी इथेही लिहितो. माझ्या मुलाच्या लग्नात नलूने व्याह्यांशी भांडण काढलं, मानाची साडी परत फेकली, हे खरं. त्यानंतर तिने माझ्याशी संबंध तोडले, असं मी तुम्हा सर्वांना सांगत आलो. ते खोटं आहे. ती फोन करत होती. पहिली दोन वर्षं तर दर महिन्याला. आवाज ओळखला की मी फोन ठेवून देत होतो. माझ्या पत्नीला हे माहीत होतं, तिला ते सहन होत नसे. अबोला मी धरला होता.

पुन्हा गुडगाव

डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्या नलूला माझं बोलणं सांगणार नाहीत, मला वाटलं तर मी सांगावं. घरी आल्यावर मी नलूला समोर बसवून सगळं सांगितलं. पाढ्यांचंही.

ती ऐकून घेईल, रडेल, अशी माझी कल्पना होती. ती उसळली. परक्या बाईसमोर आठवलं, तिच्यासमोर इतकी वर्षं नाही आठवलं? तिची केस केली, आता हिशेब चुकता झाला म्हणून परत जाऊन गाढ झोपणार. गुरुवारी ती जाणार नाही, पुन्हा कधीच जाणार नाही. खोलीत जाऊन तिने कडी लावली. वसंतराव पांढरे पडले. गेल्या पावसाळ्यातली कडी त्यांच्या डोळ्यांपुढे असणार.

माझा हात पेपरकडे गेला होता. तो मी मागे घेतला. स्टूल ओढलं आणि तिच्या दाराशी बसलो.

‘नलू, मी इथे बसलोय,’ मी म्हणालो. पुढे काही सुचेना. मला अशा वेळी बोलायचा सराव नाही. वसंतरावांनी गुपचूप मटाराची परात आणून दिली. मी सोलत सोलत जे तोंडाला येईल ते सांगू लागलो. बशीरच्या पोरांनी डब्यात एकाच वेळी हात घातला ते. चुकीच्या बसचा कंडक्टर मला ‘ताऊ’, म्हणजे तिकडचा काका, म्हणाला ते. मिरजेला आपल्या आळीतला आंबा तोडला. समोरच्या जिन्याला लोखंडी कठडा बसवला. पलीकडचे देशपांडे गेले. त्यांच्या मुलाने पिठाची गिरणी विकली. मध्येच आतून काहीतरी आपटलं. वसंतराव उठले. मी हाताने त्यांना थांबवलं आणि गिरणीचं पुढे चालू ठेवलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

मग आतून आवाज आला, ‘कुठले देशपांडे? नारूकाका?’

‘नारूकाका.’

‘कधी?’

‘दिवाळीत.’

कडी निघाली. ती दारात बसली, मी स्टुलावर. परातीतल्या शेंगा तिने स्वतःकडे ओढल्या. माझे निम्मे दाणे किडके आहेत, असं ती म्हणाली आणि ते निवडू लागली.

थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, ‘मी शहाऐंशी म्हणाले की तुझी पेन्सिल थांबायची. तेवढ्यासाठी म्हणायचे मी.’

मी काही बोलणार होतो, पण बोलता आलं नाही. या वेळी ते बंद दार नव्हतं आणि तिलाही ते कळलं असावं. ती म्हणाली, ‘पुरे आता. घसा बसेल.’

सरोजिनी नगर

दुसऱ्या दिवशी ती मला सरोजिनी नगरच्या बाजारात घेऊन गेली. परदेशात जायचे आणि काही कारणाने न गेलेले कपडे तिथे ढिगाने मिळतात. नलूला तिथे पाहावं. विक्रेत्याने किंमत सांगितली की ती आधी हसते, मग त्याच्या गावाची चौकशी करते, मग त्याच्या आईची, आणि तो स्वतःहून खाली येतो. एकजण म्हणाला, ‘आंटीजी, आपको तो देना ही पड़ेगा, नहीं तो आप घर आ जाओगी.’ तिने माझ्यासाठी मफलर घेतला आणि स्वतःसाठी पुढे बटणांचा एक निळा स्वेटर.

मग गर्दीत मी मागे राहिलो. रताळ्याच्या गाडीशी रेंगाळलो होतो. तिथे रताळी निखाऱ्यावर भाजून लिंबू-मसाला लावून देतात. दोन द्रोण घेऊन वळलो तर नलू दिसेना. थोड्या वेळाने ती गर्दीतून आली, तोंड पांढरंफटक. आता ओरडणार, असं मला वाटलं. ती नळाशी गेली, गार पाण्याने तोंड धुतलं, मनगटावर पाणी घेतलं. परत आली आणि शाळेतल्या मुलीसारखं म्हणाली, ‘मला आत्ता वाटलं की तू मला टाकून गेलास. ते खरं नाही. पण भीती वाटली, ती खरी आहे.’ डॉक्टर पेशंटांना गटाने बसवून असं मोठ्याने म्हणायला शिकवतात. आजूबाजूचे दोघे-तिघे बघत होते.

‘मी रताळी घेत होतो,’ मी म्हणालो. ‘सांगून थांबायला हवं होतं.’

‘हवं होतं,’ ती म्हणाली आणि एक द्रोण घेतला.

आम्ही तिथेच उभं राहून खाल्लं. एवढं साधं वाक्य उच्चारायला किती बळ लागतं, हे मला तिथे कळलं.

गुरुवार

गुरुवारी सकाळी ती जाणार नाही म्हणाली. डोकं दुखतंय, धुकं आहे, गाडी मिळणार नाही. मेघनाने ऑफिसला जाता जाता माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी नलूला म्हणालो, तू नको जाऊस हवं तर, पण मला एकट्याला ती बस सापडणार नाही आणि डॉक्टरांना मला तिळाचे लाडू द्यायचेत. यावर ती मला खोटारडा म्हणाली आणि चिडचिडत तयार झाली.

रुग्णालयाच्या बोळात आम्ही बाकावर बसलो. तिचं नाव पुकारलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

‘मी आत काय काय बोलेन, तुझ्याबद्दलही बोलेन,’ ती म्हणाली.

‘बोल.’

‘बाहेर आले की कदाचित तुझ्यावर चिडलेली असेन.’

‘मी इथेच असेन.’

‘आणि बोलशील?’

‘बोलेन.’

‘मग आत्ता बोल काहीतरी.’

आत नर्स दुसऱ्यांदा नाव पुकारत होती. नलू माझ्यासमोर उभी, त्या निळ्या स्वेटरमध्ये, आणि मला इतक्या वर्षांतलं एकही वाक्य सुचेना.

‘तुझी बटणं चुकलीत,’ मी म्हणालो.

तिने खाली पाहिलं. वरपासून एक एक घर चुकत गेलं होतं आणि खाली एक बटण मोकळंच राहिलं होतं. ती हसली नाही. तिथेच उभं राहून, नर्सला ‘दो मिनट’ असं दटावून, तिने सगळी बटणं काढली आणि पुन्हा नीट लावली.

‘घरातून निघाल्यापासून दिसत होतं ना तुला?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘तेव्हाच सांगायचं,’ ती म्हणाली आणि आत गेली.